कंटेनरमधील भार-संतुलक : उपयोग आणि दक्षता

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या कोणत्याही शाखेत निवृत्तिवेतनधारक, पगारदार आणि व्यापारी यांची एकाच वेळी गर्दी होते. अशा वेळी दाराशी उभा असलेला अनुभवी कर्मचारी येणाऱ्याला योग्य खिडकीकडे पाठवतो. एखादा रोखपाल जागेवरून उठला, तर त्या खिडकीकडे तो कोणाला पाठवत नाही. खिडक्या पाच असल्या, पण ही विभागणी करणारे कोणी नसले, तर एकीपुढे लांब रांग आणि दुसरी मोकळी असे चित्र दिसते.

इंटरनेट बँकिंग, मोबाइल बँकिंग आणि यूपीआय या सेवांमागे हेच काम करणारी जी संगणकीय व्यवस्था असते, तिला लोड बॅलन्सर म्हणजेच भार-संतुलक म्हणतात. तिची गरज किती आहे, हे एका आकड्यावरून लक्षात येईल. यूपीआय सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांनी प्रथमच १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. दिवस-रात्रीची सरासरी काढली, तरी दर सेकंदाला ३,७०० हून अधिक व्यवहार होतात. ही संख्या देशातील सर्व बँकांची मिळून असली, तरी कोणत्याही मोठ्या बँकेच्या वाट्याला येणारा भार एका सर्व्हरने पेलण्यासारखा नाही, हे उघड आहे.

अलीकडे हा भार-संतुलक स्वतंत्र यंत्रावर न बसवता ‘कंटेनर’मध्ये चालवण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती सोयीची आहे; परंतु तिच्यात एक विसंगती दडलेली आहे. कंटेनर केव्हाही टाकून देऊन त्या जागी नवा उभा करता यावा, अशा हेतूने घडवलेला असतो. भार-संतुलकाने मात्र दारातून क्षणभरही हलू नये, अशी अपेक्षा असते. ही विसंगती ओळखून तिची व्यवस्था कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कंटेनर म्हणजे काय?

हे नाव सागरी वाहतुकीतून आले आहे. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन उद्योजकाच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे प्रयाण केले. आतील माल कोणताही असो, पेटीचे माप ठरलेले असल्याने क्रेन, जहाज आणि ट्रक या सर्वांना ती सारख्याच रीतीने हाताळता येऊ लागली.

सॉफ्टवेअरच्या कंटेनरमागेही हीच कल्पना आहे. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सर्व पूरक फाइली एका साच्यात बांधल्या जातात. या साच्याला इमेज म्हणतात, आणि तिच्यापासून चालू केलेला प्रत्येक नग म्हणजे कंटेनर. प्रोग्रॅमला बंदिस्त जागेत चालवण्याचा विचार जुनाच आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आणि २००० च्या फ्रीबीएसडी प्रणालीत त्याची आरंभीची रूपे दिसतात. स्मृती आणि प्रक्रियाशक्ती यांच्या वापरावर मर्यादा घालणारी यंत्रणा लिनक्समध्ये जानेवारी २००८ मध्ये समाविष्ट झाली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातील एका परिषदेत ‘डॉकर’ सादर केले आणि हे तंत्र सर्वसामान्य तंत्रज्ञांच्या आवाक्यात आले.

कंटेनरमध्ये संपूर्ण संगणकाची नक्कल नसते. एका यंत्रावरील सर्व कंटेनर त्याच यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल, वापरतात. त्यामुळे ते अल्पावधीत सुरू होतात आणि थोडक्या साधनांत चालतात. मात्र प्रत्येकाचे जाळे, फाइलींची जागा आणि आतील प्रक्रियांचे क्रमांक वेगळे राखले जातात. पुढील बहुतेक अडचणी या वेगळेपणातूनच उद्भवतात.

भार-संतुलकाचे कार्य

उदाहरणादाखल ‘एचएप्रॉक्सी’ हा मुक्त-स्रोत भार-संतुलक घेऊ. विली तारो यांनी तो २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. ग्राहकाची विनंती आली की मागील सर्व्हरांपैकी कोणाकडे ती द्यावयाची, हे तो ठरवतो. पाळीपाळीने देणे, ज्याच्याकडे चालू जोडण्या सर्वांत कमी आहेत त्याला देणे, किंवा एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्या एकाच सर्व्हरकडे देणे, या त्याच्या प्रचलित पद्धती होत.

सर्व्हर कामास योग्य आहे की नाही, याची तपासणीही तो करतो. ही तपासणी चालू केल्यावर, वेगळे काही ठरवून दिले नसेल, तर दर २ सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरची विचारपूस होते. लागोपाठ ३ वेळा अपयश आले तर त्या सर्व्हरला रांगेतून वगळण्यात येते आणि लागोपाठ २ वेळा यश आले की परत घेण्यात येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधी तपासणी केवळ जोडणी लागते की नाही एवढेच पाहते. खिडकीवरचा दिवा लागलेला असावा आणि आत रोखपाल नसावा, तशी सर्व्हरची स्थिती असू शकते. म्हणून डेटाबेसपर्यंत पोहोचून आलेले उत्तर तपासणारी व्यवस्था करणे श्रेयस्कर.

कंटेनरमध्ये घ्यावयाची दक्षता

१. पत्ता. प्रत्येक संगणक स्वतःला १२७.०.०.१ या पत्त्याने ओळखतो. कंटेनरच्या आत मात्र हा पत्ता मूळ यंत्राचा नसून त्या कंटेनरचाच असतो. यंत्रावर थेट चालणारी जुनी रचना-फाइल जशीच्या तशी कंटेनरमध्ये ठेवली, तर भार-संतुलक स्वतःच्याच घरात सर्व्हर शोधू लागतो आणि सर्व सर्व्हर बंद असल्याचे दाखवतो. यासाठी कंटेनरांचे सामायिक जाळे उभारून सर्व्हरांचा उल्लेख नावाने करावा.

नावाने उल्लेख केल्यावरही एक अडचण उरते. एचएप्रॉक्सी हे नाव सुरू होताना एकदाच पत्त्यात रूपांतरित करतो. मागील सर्व्हरचा कंटेनर बदलला की त्याचा पत्ताही बदलू शकतो, आणि संतुलक जुन्याच पत्त्यावर विनंत्या पाठवत राहतो. डॉकरच्या अंतर्गत नामसेवेकडे वेळोवेळी पत्ता विचारण्याची सूचना रचना-फाइलमध्ये स्पष्टपणे द्यावी लागते.

ग्राहकाच्या पत्त्याचाही विचार करावयास हवा. मागील सर्व्हरला संतुलकाचा पत्ता दिसतो, ग्राहकाचा नव्हे. संशयास्पद व्यवहार ओळखण्यासाठी मूळ पत्ता आवश्यक असल्याने संतुलकाने तो विनंतीच्या शीर्षभागात जोडून पुढे द्यावा. बाहेरून कोणी असा पत्ता आधीच लिहून पाठवला असेल, तर त्यावर विश्वास न ठेवता तो पुसून टाकावा.

२. रचना-फाइल आणि गुप्त कळ. रचना-फाइल इमेजमध्ये कायमची न बांधता बाहेरून जोडावी, म्हणजे एकच इमेज चाचणीसाठी आणि प्रत्यक्ष सेवेसाठी वापरता येते. जोडताना एकटी फाइल न जोडता तिची संपूर्ण निर्देशिका जोडावी. अनेक संपादक-प्रोग्रॅम जुनी फाइल बदलण्याऐवजी तिच्या जागी नवी फाइल ठेवतात, आणि एकटी जोडलेली फाइल कंटेनरला जुनीच दिसत राहते. बदल केल्यावर फाइल प्रथम तपासणीच्या आज्ञेने पडताळून पाहावी आणि त्यानंतरच संतुलकाला ती नव्याने वाचावयास सांगावे.

संदेश सांकेतिक करणारी खाजगी कळ तर कोणत्याही परिस्थितीत इमेजमध्ये ठेवू नये. इमेज थरांनी बनते. वरच्या थरात कळ पुसली, तरी खालच्या थरात ती शाबूत राहते, आणि इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला ती काढून घेता येते.

३. नोंदी. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेल्या फाइलीही नाहीशा होतात. बँकेच्या व्यवहारात कोणती विनंती केव्हा आली आणि कोणत्या सर्व्हरकडे गेली, ही नोंद तक्रारनिवारण आणि लेखापरीक्षण या दोहोंसाठी अनिवार्य आहे. म्हणून नोंदी कंटेनरमध्ये न साठवता लगोलग बाहेरच्या नोंदसंग्राहकाकडे पाठवाव्यात.

४. मर्यादा. कंटेनरला दिलेल्या स्मृतीपेक्षा अधिक स्मृती प्रोग्रॅमने मागितली, तर कर्नल तो प्रोग्रॅम तत्काळ बंद पाडतो. एचएप्रॉक्सीला जोडण्यांची कमाल संख्या सांगितली नाही, तर उघडता येणाऱ्या फाइलींच्या मर्यादेवरून तो ती स्वतःच ठरवतो. कंटेनरमध्ये ही मर्यादा पुष्कळदा फार मोठी असते. जोडण्यांची संख्या स्पष्ट लिहावी आणि तिला पुरेल एवढी स्मृती द्यावी. मर्यादेपलीकडच्या ग्राहकाला क्षणभर थांबावे लागणे, हे सर्वांचीच सेवा बंद पडण्यापेक्षा बरे.

५. निरोप. सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते या मुद्द्याकडे. कंटेनर थांबवण्याची आज्ञा दिली की डॉकर सामान्यतः प्रथम एक सूचना-संकेत पाठवतो, १० सेकंद वाट पाहतो आणि नंतर प्रक्रिया सक्तीने संपवतो. एचएप्रॉक्सीला थांबण्याचे दोन संकेत समजतात. एकाने तो हातातील काम टाकून लगेच बंद होतो. दुसऱ्याने तो नवी विनंती घेणे थांबवतो, पण चालू विनंत्या पूर्ण करूनच निरोप घेतो. शाखेची वेळ संपल्यावर दार लावून घेऊन आतील ग्राहकांचे काम पुरे करावे, तसाच हा प्रकार आहे. एचएप्रॉक्सीच्या अधिकृत इमेजमध्ये हा दुसरा, सौम्य संकेत नेमून दिलेला आहे. स्वतः इमेज तयार करणाऱ्यांनी मात्र तो आठवणीने नेमावा आणि १० सेकंदांची मुदत आपल्या सर्वांत दीर्घ व्यवहाराला पुरते काय, हेही पडताळावे. संतुलक एखाद्या शेल-लिपीमार्फत सुरू केला असेल, तर संकेत त्या लिपीपाशीच अडकून राहू शकतो, याचेही भान ठेवावे.

६. जोडीदार. पाच सर्व्हरांपुढे एकच संतुलक असेल, तर तो बंद पडताच पाचही सर्व्हर निरुपयोगी ठरतात. बंद पडलेला कंटेनर आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय असते. पण ज्या यंत्रावर तो चालतो ते यंत्रच बंद पडले, तर तिचा उपयोग होत नाही. दोन संतुलक दोन भिन्न यंत्रांवर असावेत आणि सामायिक पत्ता गरजेनुसार एकाकडून दुसऱ्याकडे जावा. पत्ता हलवणारा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये ठेवल्यास त्याला मूळ यंत्राचे जाळे आणि ते बदलण्याचे विशेष अधिकार द्यावे लागतात. असे अधिकार वाटण्यापेक्षा तो प्रोग्रॅम कंटेनरबाहेर, यंत्रावरच चालवणे अनेकदा अधिक सुरक्षित असते.

पुनर्प्रयत्नाचा प्रश्न

सर्व्हरशी जोडणीच लागली नाही, तर विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे देण्यात धोका नाही, कारण पहिल्याने ती पाहिलेलीच नसते. परंतु विनंती पोहोचली आणि उत्तर आले नाही, तर स्थिती निराळी असते. खात्यातून रक्कम वजा झाली असेल किंवा नसेलही. अशी विनंती संतुलकाने परस्पर दुसऱ्यांदा पाठवली, तर एकच रक्कम दोनदा वजा होण्याचा संभव असतो. एचएप्रॉक्सी आपण होऊन केवळ जोडणीचाच पुनर्प्रयत्न करतो. त्यापलीकडची सोय उपलब्ध आहे. पण पैसे हलवणाऱ्या विनंत्यांसाठी ती चालू करू नये. शिवाय प्रत्येक व्यवहाराला अनन्य संदर्भ क्रमांक असावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरने नवा व्यवहार न करता पूर्वीचेच उत्तर द्यावे.

ग्राहकांनीही हेच तत्त्व अंगीकारावे. पडद्यावर व्यवहार अडकलेला दिसला, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. आधी व्यवहाराची स्थिती आणि खात्यातील शिल्लक पाहावी, संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाद्वारे अशा व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम पाठवताना ती वजा होऊन समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत मिळावयास हवी. एटीएममधून रोकड न मिळता रक्कम वजा झाली, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे.

एक प्रयोग

संगणक विभागातील सहकाऱ्यांनी चाचणीच्या यंत्रावर पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. तीन सर्व्हर आणि त्यांपुढे एक संतुलक असे चार कंटेनर उभे करावेत आणि विनंत्यांचा अखंड ओघ सुरू ठेवावा. प्रथम एक सर्व्हर बंद करून किती विनंत्या अयशस्वी होतात आणि किती सेकंदांनी ओघ पूर्ववत होतो, ते मोजावे. नंतर सर्व्हरचा कंटेनर काढून नवा उभा करावा आणि संतुलकाला त्याचा नवा पत्ता कळतो काय, हे पाहावे. शेवटी संतुलकालाच थांबण्याची आज्ञा द्यावी आणि त्या क्षणी अर्ध्यावर असलेल्या विनंत्या पूर्ण झाल्या की तुटल्या, याची मोजदाद करावी. रचना योग्य असेल, तर या तिसऱ्या चाचणीत अर्ध्यावर तुटलेल्या विनंत्यांची संख्या शून्य यावयास हवी.

कंटेनर टाकून देण्याजोगा असतो, हा त्याचा गुणच आहे. त्याच्या आत त्या क्षणी चाललेला व्यवहार मात्र कोणाच्या तरी पेन्शनचा, शाळेच्या शुल्काचा किंवा औषधाच्या बिलाचा असतो. पेटी बदलताना तो व्यवहार सुखरूप पार पडेल, एवढी व्यवस्था करणे हीच या तंत्राची खरी कसोटी होय.