मज्जेची सोयरीक

रक्त द्यावयाचें तर दात्याचा व रोग्याचा रक्तगट जुळावा लागतो, ही गोष्ट आमच्या शाळेंतील लहान विद्यार्थ्यांसही ठाऊक आहे. परंतु रक्त जेथें तयार होतें ती हाडांतील मज्जाच जेव्हां नासते, तेव्हां केवळ रक्तगट जुळवून भागत नाहीं. अशा वेळीं दुसऱ्याच्या मज्जेंतील मूळपेशी रोग्याच्या शरीरांत सोडाव्या लागतात. तांबड्या, पांढऱ्या व इतर सर्व रक्तपेशी ज्यांच्यापासून जन्मास येतात, त्या ह्या मूळपेशी होत. त्या एका शरीरांत सुखानें नांदतात व दुसऱ्यांत कलह माजवितात, ह्याचें कारण काय, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तिची ओळख पटविणारीं प्रथिनें असतात. त्यांस एच्‌.एल्‌.ए. म्हणतात. गडाच्या दरवाजावरील पहारेकरी येणाऱ्याचा परवाना पाहतो, त्याप्रमाणें टी-पेशी नांवाच्या पांढऱ्या पेशी हीं चिन्हें तपासतात, आणि परकें चिन्ह दिसतांच हल्ला करितात. ह्यांपैकीं पहिलें चिन्ह फ्रान्समधील डॉक्टर जाँ दोसे ह्यांनीं १९५८ सालीं उजेडांत आणिलें. १९८० सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

हीं चिन्हें ठरविणारीं जनुकें सहाव्या गुणसूत्रावर अगदीं जवळजवळ असतात. म्हणून तीं बहुधा एका गाठोड्याप्रमाणें एकत्रच पुढच्या पिढीकडे जातात. प्रत्येक मुलास आईच्या दोन गाठोड्यांपैकीं एक व वडिलांच्या दोहोंपैकीं एक मिळतें. विद्यार्थ्यांनीं कागदावर चार घरांचा चौकोन आंखून पाहावा. दोन सख्ख्या भावंडांचीं दोन्ही गाठोडीं जुळण्याचा संभव चारांत एक, एकच जुळण्याचा चारांत दोन, व एकही न जुळण्याचा चारांत एक, असें दिसून येईल. आई-वडिलांचें मात्र मुलाशीं अर्धेंच जुळतें. परक्या माणसाशीं जुळणें तर फारच दुर्मिळ, कारण ह्या जनुकांचे तीस हजारांहून अधिक प्रकार आजवर सांपडले आहेत. सोयरीक करण्यापूर्वीं वडील मंडळी घराणें पाहतात. येथें पेशींचें घराणें पाहावें लागतें.

तें न जुळल्यास काय होतें? मूत्रपिंड बसविलें असतां रोग्याचें शरीर त्यास नाकारूं पाहतें. मज्जेचा प्रकार याहून वेगळा आहे. मज्जा म्हणजे जणूं सैन्याची छावणीच. ती रुजली कीं तिच्यांतील सैनिक रोग्याची त्वचा, यकृत व आंतडीं ह्यांसच शत्रु समजून त्यांवर तुटून पडतात. पाहुण्यानें यजमानावर उलटावें, असा हा प्रसंग होय. आणि तो पुष्कळदां प्राणावर बेततो.

तर मग अगदीं हुबेहुब सारखी मज्जाच सर्वांत चांगली, असें कोणासही वाटेल. परंतु निसर्गाचा न्याय इतका सरळ नाहीं. अमेरिकेंतील डॉक्टर डॉनॉल थॉमस ह्यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या दोघां रोग्यांस त्यांच्या एकरूप जुळ्या भावंडांची मज्जा दिल्याची हकीकत १९५९ सालीं प्रसिद्ध केली. मज्जा उत्तम रुजली, कलह मुळींच झाला नाहीं. पण थोड्याच काळांत कर्करोग परत आला. पुढें अनेक रोग्यांचे वृत्तान्त ताडून पाहतां असें आढळलें कीं, जुळ्याच्या मज्जेनंतर हा रोग अधिक वेळां परततो, एच्‌.एल्‌.ए. जुळणाऱ्या साध्या भावंडाच्या मज्जेनंतर कमी वेळां. भावंडांचीं इतर जनुकें थोडीं निराळीं असतात. त्या लहानशा भेदामुळेंच नवे सैनिक लपून राहिलेल्या रोगट पेशींस ओळखून त्यांचा नाश करितात. थॉमस ह्यांनीं हा उद्योग सोडिला नाहीं. १९९० सालीं त्यांसही नोबेल पारितोषिकाचा मान लाभला.

दुसरेंही एक उदाहरण घेऊं. एन्‌.के. नांवाच्या पेशी परकें चिन्ह पाहून नव्हे, तर ओळखीचें चिन्ह न दिसल्यास चवताळतात. त्यांची नजर ठरविणारीं के.आय्‌.आर्‌. जनुकें एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतात, त्यामुळें एच्‌.एल्‌.ए. जुळणाऱ्या भावंडांतही तीं भिन्न असूं शकतात. इटलींतील पेरूजा येथील संशोधकांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, अर्धवट जुळणाऱ्या दात्याच्या एन्‌.के. पेशी रोग्याच्या पेशींवर ह्या रीतीनें चालून गेल्यास एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग कमी परततो, आणि यजमानाच्या अवयवांस मात्र इजा होत नाहीं. उपचाराच्या प्रत्येक पद्धतींत हा लाभ सारखाच दिसला नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

आपल्या देशांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८३ सालीं मज्जारोपणास आरंभ झाला. आतां कुटुंबें लहान झालीं, व जुळणारें भावंड सर्वांच्याच घरीं नसतें. रोपणानंतर योग्य औषध देऊन अर्धें जुळणाऱ्या आई-वडिलांच्या पेशीही आतां उपयोगांत आणितां येतात, ही पालकांस दिलासा देणारी गोष्ट आहे. तथापि पुष्कळांस परक्याचीच वाट पाहावी लागते. जगांतील दात्यांच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक नांवें आहेत. परंतु जुळणारा दाता बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सांपडतो, आणि भारतीयांचीं नांवें लोकसंख्येच्या मानानें फार थोडीं आहेत.

वयाचीं अठरा वर्षें पूर्ण झालेल्या निरोगी मनुष्यास हें नांव नोंदवितां येतें. त्यासाठीं गालाच्या आंतील बाजूवरून कापूस फिरविला कीं पुरे. पुढें कधीं बोलावणें आलेंच, तर दिलेल्या पेशी शरीर थोड्याच दिवसांत पुन्हां भरून काढतें. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण वर्गांत ऐकतों, आणि माझा शेजारी कोण, हा प्रश्न त्यांतून आपणांपुढें उभा राहतो. न पाहिलेल्या कोणा रोग्याच्या पेशींवर आपल्याच पेशींचें चिन्ह असूं शकेल, हें ज्यास कळलें, त्यानें त्या प्रश्नाचें उत्तर आपल्या घरीं आई-वडिलांशीं बोलून ठरवावें.