एका समुद्रबदकाच्या नांवाची कथा

शब्द माणसांप्रमाणेंच प्रवास करितात. परक्या देशीं राहून वेष पालटतात, आणि पुष्कळदां आपलें मूळ घर विसरतात. असा एक शब्द आज आपण पाहूं.

उत्तरेकडील थंड समुद्राच्या किनाऱ्यांवर एक मोठें बदक राहतें. इंग्रजींत त्यास 'आयडर' म्हणतात. अंडीं उबविण्याकरितां मादी आपल्याच छातीची मऊ लव उपटून घरट्यांत पसरते. १७५८ सालीं लिनीअसनें ह्या पक्ष्यास 'मोलिस्सिमा', म्हणजे अत्यंत मऊ, असें नांव दिलें तें ह्याच लवेमुळें. आइसलंडांतील शेतकरी ही लव गोळा करितात; एक किलो लवेस सुमारें ६० घरटीं लागतात.

आइसलंडच्या भाषेंत ह्या पक्ष्यास 'आइदुर' म्हणतात. त्याची षष्ठी 'आइदार'. 'दून' म्हणजे लव. ह्यांचा समास 'आइदारदून'. व्यापाऱ्यांनीं लव परदेशीं नेली, तिच्याबरोबर नांवही गेलें. समासांतील षष्ठीचें रूप परकीयांनीं उचललें, व त्यापासून जर्मन आणि इंग्रजी 'आयडर' झालें. डेनिश 'एदरदून' फ्रान्सांत 'एद्रदों' झालें. स्पेनमध्यें 'एद्रेदोन' म्हणजे जाड दुलई. मग तींत कापूस कां असेना! इटलींत तर मौज अशी कीं, 'एद्रेदोने' हें खुद्द बदकाचेंच नांव आहे. म्हणजे पक्ष्यावरून लवेस आणि लवेवरून पुन्हां पक्ष्यास नांव मिळालें.

ज्यांच्या किनाऱ्यावर हा पक्षी घरचाच, त्यांचीं नांवें निराळीं आहेत. फिनलंडांत तो 'हाहका', रशियांत 'गागा'. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड प्रांतांत त्यास 'कडी' बदक म्हणतात. 'कडी' हें कथबर्टचें लाडकें रूप. इ. स. ६८७ मध्यें निवर्तलेले हे साधु तेथील फार्न बेटावर राहत, व ह्या पक्ष्यांचे ते रक्षणकर्ते अशी परंपरा आहे.

केवळ ध्वनिसाम्यावरून मात्र नातें ठरवूं नये. जर्मनींत आयडर नांवाची नदी आहे. तिचें जुनें रूप 'एगिदोरा', सबब तिचा बदकाशीं संबंध नाहीं. उलट, दूर दिसणारे शब्द कधीं सगोत्र निघतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील पुरूरवा-उर्वशी संवादांत 'आति' नामक जलपक्ष्यांचा उल्लेख आहे. 'आति' व 'आइदुर' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज असावेत, असें कांहीं भाषापंडितांचें मत आहे.

विद्यार्थ्यांनो, ऊबदार दुलई पांघरणाऱ्यास पिलांसाठीं छाती उघडी करणारी माता आठवत नाहीं. परंतु शब्दानें ती आठवण जपली आहे. म्हणून शब्द नुसता पाठ करूं नये; तो कोठून आला, हेंही विचारावें.