पिंजऱ्यातील मासे आणि उवा

ऊ म्हटले की आपल्याला केसांतील ऊ आठवते. पण माशांच्या अंगावरही उवा असतात, हे तुम्हांला माहीत आहे का?

नॉर्वे हा युरोपच्या उत्तरेकडील देश आहे. तेथे समुद्राचे पाणी डोंगरांमधून दूरवर आत शिरले आहे. या शांत पाण्यात लोक जाळ्यांचे मोठे पिंजरे बांधतात व त्यांत सामन जातीचे मासे पाळतात. एका पिंजऱ्यात २ लाखांपर्यंत मासे ठेवण्याची परवानगी आहे.

या माशांचा एक छोटा शत्रू म्हणजे सामन-ऊ. नाव ऊ असले, तरी ती कीटक नव्हे. ती खेकडा व कोळंबी यांच्यासारखी कवचधारी आहे. मादी सुमारे १ सेंटीमीटर लांब असते. ऊ माशाला चिकटते आणि त्याची त्वचा व रक्त खाते. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले पाण्याबरोबर वाहत जातात. दाटीने राहणारे मासे म्हणजे त्यांना आयते घरच!

खरे संकट मात्र पिंजऱ्याबाहेर असते. मुक्त सामन माशांची पिल्ले नदीत जन्मतात. वसंत ऋतूत ती समुद्राकडे निघतात. वाटेत अनेकांना पिंजऱ्यांजवळून जावे लागते. तेव्हा पिल्लाचे वजन जेमतेम २० ग्रॅम असते. त्याची त्वचा नाजूक असते. अशा पिल्लाचा जीव घ्यायला दहा-बारा उवाही पुरतात.

पूर्वी औषधांनी उवा मरत. पुढे त्या औषधांना दाद देईनाशा झाल्या. आता माशांना गोड्या पाण्यात ठेवून उवा काढतात. उवा वेचून खाणारे लहान मासेही पिंजऱ्यात सोडतात.

नॉर्वेत उवा मोजण्याचा कायदा आहे. दहा माशांमागे सरासरी ५ पेक्षा कमी प्रौढ माद्या असाव्या लागतात. पिल्ले समुद्राकडे निघतात, तेव्हा ही मर्यादा २ वर येते. २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग करून त्यांना हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग देतात. उवांमुळे मुक्त पिल्ले फार मरत असतील, तर तांबडा रंग मिळतो व तेथे मासे कमी करावे लागू शकतात.

पाण्याला कुंपण नसते. म्हणून मासे पाळणारा उवा मोजतो, तेव्हा तो आपल्या माशांबरोबर ज्यांचा कोणी मालक नाही, अशा पिल्लांचीही राखण करतो.

शब्दार्थ
कवचधारी – अंगावर कठीण आवरण असलेला
दाटी – गर्दी
दाद न देणे – परिणाम न होणे
राखण – रक्षण

स्वाध्याय
१. सामन-ऊ माशाचे कोणते नुकसान करते?
२. वसंत ऋतूत उवांची मर्यादा कमी का करतात?