तेलावरील बग्गी विजेवर : हातकामाचा एक धडा

विद्यार्थिमित्रहो, यंत्राची जी ओळख तें चालतांना पाहून होते ती वरवरची असते; तें उकलून पुन्हां जुळवितांना जी होते तीच खरी. यास्तव या वर्षीं आम्हीं अशा एका यंत्राचा विचार मांडण्याचें योजिलें आहे, कीं जें तुमच्यापैकीं कित्येकांस केवळ खेळणें वाटत असेल, परंतु ज्यांत गणित, पदार्थविज्ञान, रसायन व लोहारकाम यांचा एकत्र संगम झालेला आहे.

रेडिओनें हांकावयाच्या गाड्यांपैकीं एका जातीस 'बग्गी' म्हणतात. ही घोड्याची बग्गी नव्हे. खांचखळग्यांच्या मातीवरून उड्या घेत धांवण्यासाठीं बनविलेली ही उघड्या चाकांची गाडी आहे. खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची म्हणून जी विकली जाते तिची लांबी सुमारें अर्धा मीटर व वजन साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास असतें. तिच्या चारहि चाकांस गति मिळते, आणि पुढें, मध्यें व मागें अशीं तीन डिफरन्शिअल असतात. तिचें जुनें हृदय म्हणजे सुमारें ३.५ घन सेंटिमीटरचें एक चिमुकलें इंजिन. मिथेनॉल, नायट्रोमिथेन व वंगण यांचें मिश्रण हें त्याचें अन्न.

आमच्या हातकामाच्या वर्गास मिळालेल्या अशाच एका गाडीचें इंजिन पार झिजलें होतें. चाकें, दांडे, दंतचक्रें मात्र शाबूत होतीं. नवें इंजिन महाग. आणि मिथेनॉल हें तर असें विष आहे कीं त्याच्या एक-दोन चमच्यांनीं माणसाची दृष्टि जाऊं शकते. तें शाळेच्या कपाटांत ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटेना. तेव्हां गाडी भंगारांत टाकावी, कीं तिचें हृदय बदलावें, एवढाच प्रश्न उरला.

रेडिओच्या वाहनास वीज ही मुळींच परकी नव्हे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यू यॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहान नौका दुरून हांकून दाखविली, तिच्या पोटांत बॅटरी व विजेची मोटरच होती. पुढें खेळांतील मोठ्या गाड्यांत तेलाचें इंजिन मानाचें ठरलें, कारण त्या काळच्या बॅटऱ्या जड व दुबळ्या असत. हें चित्र तीन गोष्टींनीं पालटलें. १९८० नंतरच्या दशकांत निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे अतिशय प्रबळ चुंबक बनूं लागले. ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन मोटरीच्या वेटोळ्यांतील प्रवाह ब्रशावांचून बदलतां येऊं लागला. आणि लिथियमची हलकी बॅटरी आली. या बॅटरीच्या कार्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालीं रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि तेल व वीज यांचा हिशेब चौकसपणें केला पाहिजे. एक किलोग्रॅम मिथेनॉल जाळल्यास सुमारें २० मेगाज्यूल उष्णता मिळते. आमची बॅटरी १४.८ व्होल्टची व ५ अँपिअर-तासांची, म्हणजे १४.८ × ५ = ७४ वॅट-तास, अर्थात् सुमारें ०.२७ मेगाज्यूल. तिचें वजन अर्ध्या किलोग्रॅमच्या जवळपास. वजनास वजन धरिलें तर मिथेनॉलमध्यें बॅटरीच्या जवळजवळ चाळीसपट शक्ति सांठविलेली आहे! मग वीज तेलाची बरोबरी कशी करिते? कारण एवढेंच, कीं लहानगें इंजिन आपल्या अन्नाचा बहुतेक भाग उष्णतेच्या व आवाजाच्या रूपानें उधळून टाकतें, आणि चांगली मोटर मिळालेल्या विजेचा पांचांतील चार हिस्से किंवा अधिक भाग कामीं लाविते. गाडीस सरासरी ३०० वॅट लागतात असें धरल्यास ७४ वॅट-तास पंधरा मिनिटें पुरतील. बॅटरी पूर्ण रिकामी करावयाची नसते म्हणून बारा मिनिटें धरूं. मिळकत थोडी असूनहि काटकसरीच्या घरांत सुखानें निभतें, तसेंच हें आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम इंजिन, क्लच, टाकी, धुराडें आणि ब्रेकच्या चकत्या काढाव्या. विजेची मोटर शून्य वेगापासून ओढूं शकते, म्हणून क्लच नको. आणि तीच मोटर उलट जोर लावून गाडी थांबविते, म्हणून ब्रेकहि नकोत. इंजिनाची तोटी उघडणारा सर्व्होहि निरुपयोगी ठरतो; त्याची रिसीव्हरमधील जागा गतिनियंत्रकास द्यावी. चाकें वळविणारा सर्व्हो मात्र राहतो. मधलें डिफरन्शिअल व त्यावरील मोठें दंतचक्र यांस हात लावूं नये. इंजिनाच्या गतिचक्रासाठीं तळाच्या पत्र्यांत जें भोंक असतें तें पातळ पत्र्यानें झांकावें, नाहींतर सारी माती तेथूनच आंत येते.

मोटर बसविण्याचा आधार हा या कामाचा आत्मा होय, आणि तोच आम्हीं घरीं घडविला. यासाठीं सहा मिलिमीटर जाडीच्या अल्युमिनियमच्या कांटकोनी पट्टीचा तुकडा घेतला. तिची आडवी बाजू इंजिनाच्या जुन्या भोंकांवरच तळास आवळली, म्हणजे तळास नवीन भोंकें पाडणें नको. उभ्या बाजूवर तीन आडव्या खांचा केल्या: मधली रुंद, मोटरीच्या तोंडावरील गोल उंचवट्यासाठीं; व दोहों बाजूंच्या अरुंद, स्क्रूंसाठीं. खांच करावयाची रीत अशी: रेघ आंखून तिच्यावर पंचानें खुणा कराव्या, ओळीनें भोंकें पाडावीं, आणि मधल्या भिंती कानशीनें काढाव्या. स्क्रू मोटरीच्या आंत किती जातो हें आधीं मोजावें. लांब स्क्रू आंतील वेटोळ्यास टेंकला तर मोटर जागच्या जागीं जळते.

खांच कशासाठीं, हें दंतचक्रांचें गणित सांगतें. या गाड्यांचे दांत बहुधा 'मोड्युल १' या मापाचे असतात. म्हणजे चक्राचा परिणामी व्यास मिलिमीटरमध्यें तितकाच, जितके त्याचे दांत. म्हणून दोन चक्रांच्या आंसांमधील अंतर म्हणजे दोहोंच्या दांतांच्या बेरजेचें निम्में. आमच्या मोठ्या चक्रास ४६ दांत व मोटरीवरील लहान चक्रास १३. बेरीज ५९, निम्में २९.५ मिलिमीटर. लहान चक्र १५ दांतांचें लाविलें तर ३०.५ मिलिमीटर. दोन दांत वाढले कीं मोटर बरोबर एक मिलिमीटर दूर सरकली पाहिजे. ती मोकळीक खांच देते.

वेगाचेंहि असेंच. आमची मोटर दर व्होल्टास दर मिनिटीं २००० फेरे घेते, १४.८ व्होल्टांवर २९,६०० फेरे झाले. मधली घट ४६ ÷ १३ = ३.५४, आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलांतील घट ४३ ÷ १३ = ३.३१. दोहोंचा गुणाकार सुमारें ११.७. म्हणजे चाकास मिनिटाला सुमारें २५३० फेरे. चाकाचा व्यास ११२ मिलिमीटर, परीघ ०.३५२ मीटर, म्हणून मिनिटाला ८९० मीटर, अर्थात् तासाला सुमारें ५३ किलोमीटर. जमिनीचें व हवेचें घर्षण यांमुळें प्रत्यक्ष वेग याहून कमीच भरेल. १५ दांतांचें चक्र घेतल्यास कागदावरील हा वेग ६१ च्या पुढें जातो. पण मोटरीवरील भारहि त्या मानानें वाढतो. पाहिजे तेवढाच वेग घ्यावा, हें शहाणपण येथें आंकड्यांनीं शिकविलें जातें.

आमच्या वर्गांतील पहिला आधार दिसावयास सुबक होता, परंतु कानस मारतांना तो गुण्यांत राहिला नव्हता. मोटरीचा आंस किंचित् तिरपा बसला, आणि कांहीं मिनिटांतच लहान चक्राचे दांत एका कडेनें खाल्ले गेले. दुसरा आधार घडविणाऱ्या विद्यार्थ्यानें प्रत्येक दहा-बारा घांसांनंतर गुण्या लावून उजेडासमोर धरिला. दोन चक्रांमधील अंतर त्यानें कागदानें साधलें: वहीच्या कागदाची पट्टी दांतांमध्यें घालून मोटर लोटावी, स्क्रू आवळावे, पट्टी फिरवून बाहेर काढावी. पट्टीवर घड्या उमटाव्या, पण ती फाटूं नये. कागद निघाल्यावर जी किंचित् फट राहते तीच योग्य. हा विद्यार्थी गणिताच्या तासास मागच्या बांकावर बसणारा. तोच दुसऱ्या दिवशीं स्वतः होऊन सांगत आला, कीं सोळा दांतांस एकतीस मिलिमीटर लागतील व आपली खांच तेवढी पुरेल. त्याला सूत्र कोणीं पाठ करावयास सांगितलें नव्हतें.

बॅटरीचा पाळणाहि घरींच करावा. पातळ पत्रा वांकवून तळाच्या त्या बाजूस बसवावा जेथें पूर्वीं टाकी होती, म्हणजे मोटरीचें वजन एका बाजूस व बॅटरीचें दुसऱ्या बाजूस पडतें. गाडी लांबीच्या मध्यरेषेवर पुढें-मागें दोऱ्यांनीं उचलून पाहावी. ती ज्या बाजूस कलेल त्या बाजूची बॅटरी आंत सरकवावी किंवा बाहेर. पत्र्याच्या कडा गुळगुळीत करून त्यांवर रबर चिकटवावें, व कोणत्याहि स्क्रूचें टोंक आंत येऊं देऊं नये. बॅटरी पट्ट्यांनीं घट्ट बांधावी.

मात्र घरगुती काम म्हणजे सर्वच घरीं करणें नव्हे. मोटरीवरील लहान दंतचक्र पोलादाचें व विकतचेंच घ्यावें. कानशीनें दांत होत नाहींत. बॅटरीचे सेल स्वतः जोडण्याच्या भानगडींत विद्यार्थ्यांनीं पडूं नये. कठीण कवचाची तयार बॅटरी घ्यावी. कोठें हात थांबवावा हें कळणें हाहि कौशल्याचाच भाग होय.

लिथियमच्या बॅटरीविषयीं आम्ही कडक नियम सांगतों, कारण तिची आग पाण्याच्या घोटानें विझत नाहीं. आमच्या बॅटरीत चार सेल आहेत. प्रत्येक सेल भरला असतां ४.२ व्होल्टांवर असतो, व ३ व्होल्टांच्या खालीं गेला कीं बिघडतो. म्हणून गतिनियंत्रकांत याच्या वरची मर्यादा लावून ठेवावी. ५ अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरनें, सर्व सेल समतोल ठेवणाऱ्या चार्जरनें भरावी. भरतांना ती फरशीवर असावी, जवळ वाळूची बादली व शेजारीं जबाबदार माणूस असावा. फार दिवस ठेवावयाची असल्यास दर सेलास ३.८ व्होल्ट राखावे. फुगलेली बॅटरी पुन्हां कधींहि वापरूं नये. लाल व काळी तार उलट जोडली जाण्याइतका निष्काळजीपणा येथें क्षम्य नाहीं. डाख देणारानें एकदां व दुसऱ्या कोणीं एकदां, असें दोघांनीं तपासल्यावांचून जोड लावूं नये. मोटरीच्या तीन तारांचें मात्र तसें भय नाहीं. साध्या ब्रशरहित मोटरीचें चाक उलट फिरलें, तर तिन्हींपैकीं कोणत्याहि दोन अदलाबदल कराव्या.

पहिली परीक्षा गाडी विटांवर ठेवून, चाकें अधांतरीं असतांना घ्यावी. प्रेषक बंद केल्यास मोटर आपोआप थांबते कीं नाहीं हें पाहावें. थांबत नसेल तर मैदानांत जाऊं नये. मग दोन मिनिटें सावकाश चालवून मोटरीस हात लावावा. तीन-चार सेकंद हात टिकत नसेल तर लहान चक्राचा एक दांत कमी करावा.

मित्रहो, या साऱ्या खटपटींत विजेनें आम्हांस फारसें अडविलें नाहीं. वीज आज्ञाधारक आहे. आम्हांस अडविलें तें कांटकोनानें आणि अर्ध्या मिलिमीटरनें. तयार भाग विकत घेणारास हे दोघे कधींच भेटत नाहींत, कारण ते दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठीं आधींच सांभाळलेले असतात. तुमच्या घरीं झिजून पडलेलें एखादें यंत्र असेल तर तें टाकण्यापूर्वीं इतकेंच विचारा, कीं यांतील नक्की काय झिजलें आहे व काय अजून चांगलें आहे. मग मोजपट्टी, गुण्या व कानस हातांत घ्या. हात काळे होतील, वेळहि पुष्कळ जाईल. परंतु जें ज्ञान बोटांतून डोक्यांत चढतें, तें परीक्षेनंतरहि उतरत नाहीं.