मन मोकळे करावे, पण कुणापाशी?



आरोग्य म्हणजे केवळ रक्तदाब आणि साखर नव्हे. मनाची स्वस्थता हाही आरोग्याचाच भाग आहे. ती बिघडवणारी एक सवय आज घरोघरी शिरली आहे: मनात आले की लगेच स्टेटसला ठेवणे. सलाईन लावलेला हात, तपासणीचा रिपोर्ट, नवरा-बायकोचे भांडण, साहेबांवरचा राग, सगळे मोबाइलवर! चोवीस तासांनी स्टेटस जाते, पण कुणी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट जात नाही.

स्टेटस कुठवर पोहोचते हे आपण कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. जून २०२३ मध्ये मोजक्या लोकांच्या स्टेटसवरून शहरात तणाव झाला. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेटही बंद ठेवावे लागले. तो विषय वेगळा होता. पण धडा घरगुती गोष्टींनाही लागू आहे. मोबाइलमधून सुटलेली गोष्ट कुठे थांबेल, हे आपल्या हाती राहत नाही.

क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांची माहिती तर फारच जपावी. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आणि मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टरांनी ती माहिती गुप्त ठेवायची आणि आपणच ती भावकीच्या ग्रुपवर टाकायची, हे कसे? उद्या सोयरीक जमवताना किंवा नोकरीच्या ठिकाणी तीच आडवी येते. सुनेचा सोनोग्राफी रिपोर्ट टाकण्यापूर्वी तिला विचारले का? तिचा आजार, तिचे बाळंतपण हे सांगायचे की नाही, ते तिने ठरवायचे.

आपल्यातले अनेकजण शासकीय सेवेत आहेत. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. खासगी आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नयेत, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, असे त्यात आहे. भंग झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होते. रागाच्या भरात लिहिलेल्या दोन ओळी घरच्या चुलीपर्यंत पोहोचू शकतात.

मग गप्प बसायचे का? मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले ते मुक्या समाजाला वाचा फुटावी म्हणून, आणि त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. अन्यायाविरुद्ध बोललेच पाहिजे. मात्र समाजाचा प्रश्न मांडणे वेगळे आणि स्वतःची ओली जखम अनोळखी लोकांपुढे उघडी करणे वेगळे. त्या जखमेवर फुंकर घालणारे थोडे, मीठ चोळणारे फार. मग किती जणांनी पाहिले, कोण काय म्हणाले, हे बघण्यात रात्रीची झोप जाते.

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की, बोलणे खरे हवे, हिताचे हवे आणि योग्य वेळी हवे. पोस्ट टाकण्याआधी हीच तीन प्रश्नांची चाळणी लावावी.

आम्ही एवढेच सुचवतो:

१. राग किंवा दुःख अनावर असताना लिहू नका. दहा मिनिटे आनापान करा, रात्र जाऊ द्या, सकाळी ठरवा.

२. दुसऱ्याचा आजार, लहान मुलांचे फोटो, त्यांची शाळा संमतीशिवाय आणि गरजेशिवाय टाकू नका.

३. कुणी जातिवाचक शिवीगाळ केली तर उत्तरादाखल शिव्या देऊ नका. स्क्रीनशॉट व लिंक जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार करा.

४. मन जड झाले तर जवळच्या माणसाशी बोला. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो.

तथागतांनी कल्याणमित्राला फार मोठे स्थान दिले आहे. मन जरूर मोकळे करावे, पण ते ऐकून घेणाऱ्या माणसापाशी. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर थोडा वेळ थांबा, शेजारी बसलेल्याला विचारा, “कसं चाललंय?” आणि तो सांगेल ते तिथेच ठेवा.

भवतु सब्ब मंगलं!