गोळी कधी घ्यायची?

प्रश्न : नवरा हैदराबादला कामाला. परवा गावी आला, तेव्हा निरोध फाटला. आता गोळी चालेल का? तिनं गर्भ पडतो म्हणतात. – एक वाचक, जळकोट

उत्तर : चालेल, पण आजच घ्या. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितका गुण जास्त. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ तिनं पडत नाही, तो निव्वळ गैरसमज. आशाताईंकडे विचारा, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते, लाजायचं काय त्यात! दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्या. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी मात्र याहून खात्रीची, आणि पुढची काही वर्षंही काळजी नाही. गोळी पुढच्या संबंधांना पुरत नाही. पाळी आठवडाभर लांबली तर लघवी तपासून घ्या.