श्वासरोग्याचे घर : निदानपरिवर्जनाचा पहिला पाठ

तमकश्वास किंवा जुनाट प्रतिश्यायाचा रुग्ण सितोपलादि चूर्ण, वासावलेह इत्यादी कल्पांनी बरा होतो आणि पंधरवड्याने त्याच तक्रारी घेऊन परत येतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. औषधयोजना योग्य असूनही असे घडत असेल, तर वैद्याने नाडीबरोबर रुग्णाच्या घराचीही चौकशी करावी.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १७ व्या अध्यायात श्वासाच्या हेतूंमध्ये धूळ, धूर आणि थंड जागी राहणे यांचा निर्देश आहे. हेतू घरातच असताना केवळ शमन औषधे देत राहणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून जमीन पुसणे होय.

भिवंडीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. यंत्रमागाचे कारखाने आणि राहती घरे अनेक वस्त्यांत शेजारी-शेजारी आहेत. सुताची धूळ कामगाराच्या केसांतून व कपड्यांतून घरात येते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असेल, तर दोष कारखान्यातील कापसाच्या धुळीचा असू शकतो. अशा रुग्णास फुप्फुसांच्या तपासणीसाठी पाठवावे. रात्री किंवा पहाटे अंथरुणातच शिंका व दम वाढत असेल, तर प्रथम घराकडे पाहावे.

घरातील असात्म्य द्रव्यांत धुळीतील माइट हा अतिसूक्ष्म जीव प्रमुख आहे. तो सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचा असून माणसाच्या गळलेल्या त्वचेच्या कणांवर जगतो. त्याला लागणारे पाणी तो हवेतील ओलाव्यातून घेतो. म्हणून पावसाळी दमट हवा त्यास मानवते. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेतील कणांमुळे होतो. झुरळे आणि ओलसर भिंतीवरील बुरशी ही अन्य कारणे होत.

रुग्णास पुढील सूचना द्याव्यात :

१) कोरड्या झाडूऐवजी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने जमीन, फळ्या व पंख्याची पाती पुसावीत. फडके फार ओले ठेवल्यास घरात ओल वाढते.

२) चादरी व उशांचे अभ्रे दर आठवड्यास सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत. गाद्या, गोधड्या कडक उन्हात वाळवून घराबाहेरच झटकाव्यात. मृत माइटचे अवशेषही त्रासदायक असतात. गादी व उशीस घट्ट विणीचे आवरण घालावे.

३) कामगाराने घरी येताच कपडे बदलावेत व स्नान करावे. कामाचे कपडे अंथरुणावर टाकू नयेत.

४) खरकटे रात्रभर ठेवू नये. बुरशी पुसण्यापूर्वी भिंतीची गळती थांबवावी.

५) ही कामे रुग्णाने स्वतः करू नयेत, करावीच लागली तर नाकातोंडावर मास्क बांधावा. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईने दम उसळतो, म्हणून ही सूचना भाद्रपदातच द्यावी.

यांपैकी एकच उपाय केल्याने सहसा फारसा लाभ दिसत नाही. सर्व उपाय एकत्र आणि सातत्याने करणे आवश्यक आहे.

धूपनाविषयी आपण विशेष सावध राहावे. गुग्गुळ, निंबपत्र यांचे धूपन शास्त्रोक्त असले, तरी श्वासरोगी खोलीत असताना केलेला धूर त्यास हेतूच ठरतो. डास पळविणाऱ्या कॉइललाही हेच लागू आहे. औषधालयाच्या मालकांनी धूप विकताना 'घरात कोणाला दम्याचा त्रास आहे काय?' एवढे अवश्य विचारावे. एखादे गिऱ्हाईक परत गेले तरी हरकत नाही. चूर्णे कुटताना व भरताना उडणाऱ्या धुळीपासून आपल्या कामगारांचेही रक्षण करावे.

घर स्वच्छ झाले म्हणून रुग्णाने चालू असलेली औषधे किंवा इनहेलर स्वतःच्या मनाने थांबवू नये. बोलताना धाप लागणे किंवा ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधाच्या पुडीसोबत या पाच सूचना मराठीत, हिंदीत व उर्दूत छापून दिल्या, तर खर्च अल्प येईल आणि निदानपरिवर्जन ग्रंथातून रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचेल.